आत्याबाईंचा खोकला

सकाळच्या वेळी शेजारच्या बिऱ्हाडात कोणी खोकलं, की मला ते प्रकरण आठवतं आणि कपातला चहा बशीत सांडतो. घरचे विचारतात, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. यात रक्त नाही, मुद्देमाल नाही आणि खरं सांगायचं तर आरोपी माणूसही नव्हता. तरी एका माणसाची नोकरी त्यात जाता जाता राहिली. नावं कोणाचीच घेत नाही. त्यातले काही हयात आहेत, आणि जे नाहीत त्यांची नातवंडं वाचणारी आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी नवा फौजदार, प्रशिक्षण संपवून थेट परळच्या बाजूच्या एका ठाण्यात रुजू झालो होतो. जमावबंदी आज उठायची, उद्या पुन्हा लागायची. ‘झालाच पाहिजे’ ही आरोळी दूधवाल्याच्याही आधी दारात यायची. आमची अवस्था मोठी चमत्कारिक होती. दिवसभर ज्या घोषणेवर काठी उगारायची, तीच घोषणा घरी आई भाकऱ्या थापताना पुटपुटत असायची. मी आत आलो की ती गप्प बसायची आणि पाठ वळली की पुन्हा सुरू. तिला अडवायची माझी छाती नव्हती, आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती.

आम्हाला हवा होता एक मास्तर. रात्रशाळेत शिकवणारा, चष्मेवाला, किरकोळ बांध्याचा माणूस. सरकारविरुद्ध पत्रकं वाटायची आणि पहाटे गल्लोगल्ली प्रभातफेऱ्या काढायच्या, हा त्याचा उद्योग. त्याच्या नावानं वॉरंट निघालं होतं. डिलाईल रोडच्या चाळींत तो आज इथं, उद्या तिथं असा राहायचा. आम्ही उजाडता उजाडता छापा घालायचो, तर अंथरूण अजून उबदार आणि माणूस गायब. खोलीत एखादे आजोबा पोथी उघडून बसलेले. त्यांना विचारलं, “मास्तर कुठंय?” तर ते पोथीतून मान वर न करता म्हणायचे, “कुठल्या इयत्तेचे?”

एकदा झालं, दोनदा झालं. प्रत्येक वेळी तेच व्हायला लागलं तेव्हा वरून मोठे साहेब आले. शिस्तीचे, कडक इस्त्रीचे, पुण्याच्या वळणाचं शुद्ध बोलणारे. त्यांनी निष्कर्ष काढूनच खुर्ची ओढली. “ठाण्यात फितूर आहे. छाप्याचं ठिकाण ऐन वेळी फक्त ड्रायव्हरला सांगितलं जातं. म्हणजे ड्रायव्हरच फितूर.”

ड्रायव्हर म्हणजे आमचे हवालदार. मालवणकडचे, लालबागेत वाढलेले, पेन्शन हाताशी आलेले. त्यांच्या मिशा ठाण्याची शान होती. दोन्ही टोकं कानांकडे वळलेली, आणि ती वळवल्याशिवाय हा माणूस गाडीला हात लावत नसे. दुर्दैवानं त्यांचा मेहुणा गिरणीत कामाला आणि मोर्चात सर्वांत पुढे. साहेबांना तेवढं पुरे होतं.

“सायब, रवळनाथाची शपथ घेवन सांगतंय,” हवालदार म्हणाले, “मी कोणाक एक शब्द सांगूक नाय.”

“मग गाडी सांगते काय?” साहेब गरजले.

हे वाक्य लक्षात ठेवा. साहेब आयुष्यात इतकं खरं पुन्हा बोलले नसतील, पण तेव्हा ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही. त्यांनी मला पुढच्या आठवड्याअखेरपर्यंत मुदत दिली. तेवढ्यात बातमी कुठून फुटते ते शोधायचं, नाहीतर हवालदारांचा पट्टा उतरवून खातेनिहाय चौकशी. पट्टा गेला की पेन्शन गेली, पोलीस लाइनीतली खोली गेली. हवालदार त्या दिवशी जेवले नाहीत. मिशांची टोकंही त्यांनी वळवली नाहीत. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

मला त्यांच्यावरचा संशय पटत नव्हता. ठिकाण कळल्यापासून छाप्यापर्यंत हवालदार माझ्या शेजारी बसलेले असत. सांगणार कधी आणि कोणाला? मी माझ्या खबऱ्याला कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी तो विडी ओढत आला.

“साहेब, पोलीस निघाले की चाळींत एकच निरोप फिरतो. आत्याबाई खोकल्या!”

“कोण आत्याबाई?”

“ते कोण बोलत नाय. फकस्त, आत्याबाई खोकल्या. की सगळे पसार.”

आता कोणत्याही पोलिसाच्या डोक्यात जे येईल तेच माझ्याही डोक्यात आलं. मास्तरांना आत्या आहे का? होती. प्रभादेवीला, सख्खी. आणि तिला खोकला होता! मला वाटलं, प्रकरण उलगडलं. साध्या वेशातला एक शिपाई मी तिच्या खिडकीखाली बसवला. त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन सलाम ठोकला आणि अहवाल दिला, “बाई सकाळी पुष्कळ खोकल्या, साहेब. पण कोणी पळालं नाही. एक मांजर पळालं, पण ते कुत्र्याला भिऊन.”

अखेर मी बाईंना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. सकाळीच आल्या. मुंबईचं जुनं, खानदानी घराणं. नऊवारी चापूनचोपून, खांद्यावर शाल. जमादारांनी खुर्ची पुसून दिली, तरी त्यांनी आपल्या रुमालानं ती पुन्हा पुसली.

“आमच्या घराण्यात आजवर पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळे पुरुष कचेरीत कारकुनी करून सुखानं देवाघरी गेले. तुमच्यामुळं मला हा मान मिळाला. विचारा.”

“वय?”

“बाईला वय विचारतात का?”

“जबाबात लागतं.”

“मग सज्ञान लिहा.”

मी सज्ञान लिहिलं. “खोकला कधीपासून आहे?”

“तो आता गुन्हा झाला का?”

“तसं नाही, पण सांगा.”

“लग्नापासून. सकाळी उठल्याबरोबर येतो, अंग गार असतं तेव्हा. चहाचा घोट पोटात गेला की दिवसभर नाव नाही. डॉक्टरकडे मी चहा पिऊन जाते, त्यामुळं तिथं कधी येत नाही. त्याला वाटतं, बाई ढोंग करते.”

“आणि तुम्ही खोकलात की कोणाला निरोप जातो?”

“जातो की. सुनेला. चहा टाक म्हणून.”

हा जबाब मी लिहून घेत होतो. त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला होता. त्यांनी तो ओठांना लावला. त्याच वेळी मागच्या अंगणात हवालदारांनी गाडी सुरू केली. कैद्यांना कोर्टात न्यायचं होतं.

आता त्या गाडीची ओळख करून देतो. लढाईच्या काळातली, लष्करानं निकालात काढलेली पिकअप. पुढं दोघांची बैठक, मागं उघडा हौदा आणि त्यावर ताडपत्री. स्टार्टर दाबला की आधी खर्रर्र व्हायचं, मग खॅक् खॅक् खॅक् खॅक्, मग एक लांबलचक हुऽऽप, आणि त्यानंतर इंजिन रांगेला लागायचं. ठाण्यातल्या सगळ्यांना तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की तो कोणाला ऐकूच येत नसे. मीही थोड्याच दिवसांत त्यांच्यासारखा झालो होतो.

तर गाडी खॅक् खॅक् करून हुप म्हणाली. आणि अंगणाच्या भिंतीला लागून जी चाळ होती तिच्या वरच्या मजल्यावरून खणखणीत आवाज आला, “आत्याबाई खोकल्या गोऽऽ!”

पलीकडच्या चाळीनं तो झेलला. “आत्याबाई खोकल्या!” मग त्याच्या पलीकडून, आणखी लांबून, डिलाईल रोडच्या दिशेनं विरत गेलेला.

बाईंनी पेला खाली ठेवला. “अहो फौजदार, मी कुठं खोकले? तुमच्यादेखत पाणी पीत होते. साक्षीला तुम्ही आहात!”

माझ्या हातातला टाक तसाच राहिला. चाळींतून दिवसभर हाका चालायच्या. पाणी आलं, रेशन आलं, कुणाचा दादला आला. त्यात ही हाक आम्ही कधी वेगळी ऐकलीच नव्हती. मी बाईंना हात जोडले आणि अंगणात धावलो. आमची फितूर आत्याबाई चार चाकांवर उभी राहून धूर सोडत होती.

मी तत्काळ मोठ्या साहेबांना फोन केला. ते दुपारी आले. गाडी नुकतीच कोर्टातून परतली होती. मी सगळं सांगितलं आणि हवालदारांना म्हणालो, दाबा स्टार्टर. त्यांनी दाबला. गाडी लोण्यासारखी सुरू झाली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. खोकणं राहिलं बाजूला, साधी शिंकही नाही.

“साहेब, ही खोकली असती तर...”

“फौजदार,” साहेब टोपी चढवत म्हणाले, “आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटलं असतं. जर-तरवर मी हवालदाराला सोडू शकत नाही. रविवारी मुदत संपते.”

हवालदार गाडीकडे पाहत राहिले. “सायब, रोज बोंबलता आणि आजच तोंड शिवल्यान!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग गाडीचा तपास सुरू झाला. लालबागेत एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. आम्ही गाडी तिथं नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान लावला, स्टार्टर दाबायला लावला. आवाज नाही. तरी त्यानं कार्ब्युरेटर धुतला. दुसऱ्या सकाळी अंगणात गाडी खोकली. पुन्हा गॅरेज, तिथं पुन्हा मूग गिळून गप्प. त्यानं प्लग बदलले. दुसऱ्या सकाळी पुन्हा खॅक् खॅक्. तिसऱ्या खेपेला त्यानं सायलेन्सरला ठिगळ मारलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “साब, गाडी एकदम तंदुरुस्त है. बीमार तुम्हारा कान है.”

गाडीवर उपाय सांगायला सगळा मोहल्ला पुढे झाला होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या इराण्यानं ऑइल बदला म्हणून सांगितलं. जमादारांचं मत, पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असणार. हवालदारांनी मात्र गाडीवरून नारळ ओवाळून फोडला, कारण तिला दृष्ट लागली यावर ते ठाम होते. खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. गाडी पुन्हा खोकली.

शनिवारी सकाळी मी घरी चहा पीत होतो. आईनं दिलेला पहिला घोट घशाखाली उतरला आणि मला प्रभादेवीच्या बाई आठवल्या. अंग गार असतं तेव्हा. चहा पोटात गेला की दिवसभर नाव नाही. डॉक्टरकडे कधी येतच नाही!

आम्ही गाडी डॉक्टरकडे चहा पाजून नेत होतो. ठाण्यापासून लालबागेपर्यंत धावत गेलेलं इंजिन तिथं पोहोचेस्तोवर तापलेलं असायचं. साहेबांनी पाहिली ती गाडीही कोर्टाचा फेरा करून आलेली. आणि छापे पडायचे उजाडताना, रात्रभर गार पडलेल्या इंजिनावर. मी कप तसाच ठेवून निघालो. आई म्हणाली, “काय रे, चहात माशी पडली काय?”

त्या दिवशी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात नेऊन ठेवली आणि तिला कोणी हात लावू नये म्हणून शिपाई बसवला. रविवारी सकाळी मी, मिस्त्री आणि हवालदार तिच्याभोवती उभे राहिलो. हवालदार रोज गाडीतल्या देवाला उदबत्ती लावत. मी ती त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी स्टार्टर दाबला. खॅक् खॅक् खॅक्! मी उदबत्ती इंजिनाच्या कडेनं फिरवत गेलो. एका जागी प्रत्येक खोकल्यासरशी तिचा धूर फटकन उडायला लागला. इंजिनातला धूर बाहेर नेणारं बिडाचं जाड नळकांडं असतं, त्याला बारीक तडा गेला होता. गार असताना तडा उघडा. त्यातून हवा फुसांडत बाहेर यायची. बीड तापून फुगलं की तडा मिटायचा आणि आवाज बंद.

मिस्त्री म्हणाला, “मैं तो पहले दिन से यही बोल रहा था!” आणि पाना उचलला.

“हात लावायचा नाही!” मी ओरडलो. “हा पुरावा आहे.”

साहेबांना नुसता आवाज ऐकवून भागणार नव्हतं, आवाजाचा परिणाम दाखवायला हवा होता. मी पदरमोड करून टॅक्सीनं त्यांच्या बंगल्यावर गेलो आणि मुदत एका सकाळीपुरती वाढवून मागितली. काय वाटलं कोण जाणे, ते स्वतः यायला तयार झाले.

सोमवारी उजाडताना साहेब आणि मी डिलाईल रोडच्या, अजून माझा छापा न पडलेल्या एका चाळीच्या आवारात शिरलो. साहेब धोतर-कोटात, डोक्याला काळी टोपी. माझ्या डोक्यावर वळकटी. गावाहून आलेले पाहुणे. तिकडे ठाण्यात, आदल्या दिवशी परत आणून ठेवलेल्या गाडीत, जमादार हवालदारांच्या शेजारी बसले होते. हवालदारांनी तोंडातून ब्र काढायचा नाही, नेमलेल्या वेळी फक्त स्टार्टर दाबायचा, एवढंच ठरलं होतं. इथून ठाणं इतकं लांब, की गाडीचा आवाज येणं शक्यच नव्हतं.

साहेब पुटपुटले, “फौजदार, हे फसलं तर...”

तेवढ्यात पूर्वेकडून हाक आली. “आत्याबाई खोकल्या!” दुसरी चाळ, तिसरी चाळ, आणि मग आमच्या डोक्यावरच्या गॅलरीतून, “खोकल्या गोऽ बाय, आत्याबाई खोकल्या!” जिन्यावरून धाड धाड पावलं उतरली. पत्रकांचे गठ्ठे पिठाच्या डब्यांत गेले. साहेब आ वासून पाहत उभे होते.

एक धिप्पाड बाई हातात पळी घेऊन खोलीतून बाहेर आली. साहेबांना पाहून तिनं कपाळावर हात मारला. “अवो पावनं, हुबं काय ऱ्हायलात खांबावानी? आत्याबाई खोकल्या न्हवं! पोलीस येत्यात! चला आत!” तिनं साहेबांचं मनगट धरलं. माझ्या डोळ्यांदेखत मुंबई पोलिसांचे एक वरिष्ठ अधिकारी धोतर सावरत पळाले आणि पडद्यामागच्या मोरीत गेले. मला तिनं कॉटखाली ढकललं. वळकटीसकट.

मोरीत आधीच कोणीतरी होतं. मला पडद्यामागून आवाज ऐकू येत होता, सौम्य, समजावणारा. “या, बसा. बादली पालथी घालतो तुमच्यासाठी. पहिलीच वेळ का? घाबरू नका. फौजदार नवा आहे. येतो, आजोबांना दोन प्रश्न विचारतो आणि जातो. माणूस वाईट नाही.”

बराच वेळ कोणी आलं नाही. येणार कोण होतं? फौजदार कॉटखाली होता. शेवटी बाईनं पडदा सारला. आधी एक किरकोळ बांध्याचा चष्मेवाला बाहेर आला, साहेबांना नमस्कार करून मागच्या दारानं गेला. मग साहेब. बाईनं आम्हाला चहा दिला आणि साहेबांना बजावलं, “परत असं हुबं ऱ्हाऊ नगा. धरून न्हेत्याल.”

रस्त्याला लागल्यावर मी हळूच म्हणालो, “साहेब, मोरीतला माणूस म्हणजे तो मास्तरच होता.” त्या चाळीत आम्ही दोघांनी त्याला हात लावला असता, तर आमचीच वरात निघाली असती, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

साहेबांनी टोपी नीट केली. “मोरीत अंधार होता,” ते म्हणाले. “मला काही दिसलं नाही. त्यानं बादली दिली, एवढं खरं.”

ठाण्यात हवालदार अंगणात उभे होते, आरोपीसारखे. साहेब त्यांच्यासमोर गेले. “हवालदार, तुमच्यावर मी विनाकारण आळ घेतला. पट्टा घट्ट बांधा. आणि गाडीचं ते नळकांडं आजच्या आज बदला.” हवालदारांनी सलाम ठोकला, आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा मिशांची टोकं कानांना टेकली होती. मला त्या दिवशी पगारवाढ झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

नवे अधिकारी मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं? मी त्यांना सांगतो, बातमी फुटली तर आधी आपलं अंगण ऐका, मग माणसांवर बोट ठेवा. रोजच्या आवाजाला कान मरतात. आणि साक्षीदार गार असताना काय बोलतो ते तापल्यावर बोलत नाही. माणसांचंही तसंच आहे. ते माना डोलावतात आणि जातात. शेवट मात्र मी त्यांना कधी सांगितला नाही.

नवं नळकांडं बसलं. गाडी अशी सुरू व्हायला लागली, की मांजरही जागं होऊ नये. मग एका पहाटे वरून हुकूम आला: मास्तर डिलाईल रोडलाच आहे, छापा घाला. आम्ही अंगणात जमलो. वॉरंट माझ्या खिशात. आता त्याला सावध करणारं कोणी नव्हतं. घरून निघताना आईनं चहाही विचारला नव्हता, आणि मी उगाच बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत होतो. हवालदार स्टिअरिंगवर बसले, उदबत्ती लावली, स्टार्टर दाबला. गाडी गुपचूप सुरू झाली.

भिंतीपलीकडची चाळ शांत झोपली होती.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर. आणि छातीच्या तळापासून त्यांना असा खोकला आला, की अंगणातले कावळे उडाले. खॅक् खॅक् खॅक् खॅक्! आणि शेवटी, तंतोतंत, हुऽऽप.

वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. “आत्याबाई खोकल्या गोऽऽ!”

“थंडी बाधली, सायब,” हवालदार म्हणाले.

निर्दोष सुटेपर्यंत तो माणूस खरंच निर्दोष होता. “सकाळी चहा घेत चला,” मी म्हणालो, आणि आम्ही सावकाश, अगदी सावकाश निघालो. वाटेत ते एका हातानं मिशीचं टोक वळवत होते. मला साहेबांची म्हण आठवली आणि मी तोंड फिरवून बाहेर पाहू लागलो. आमच्या आत्याबाईला मिशा फुटल्या होत्या.